पलंगाखालचे बुलबुल

मुंबईच्या उपनगरांतील सदनिकेचे क्षेत्रफळ मोजताना भिंतींची जाडी धरावी की वगळावी, याचा कायद्याने पुष्कळ खल केलेला आहे. पलंगाखालच्या जागेचा उल्लेख मात्र कोणत्याही करारनाम्यात, नकाशात किंवा विकसकाच्या गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहे, कारण अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील कित्येक खासगी वस्तुसंग्रहालये याच जागेत नांदत असून, ती पाहण्यासाठी तिकीट लागत नसले तरी गुडघे शाबूत असावे लागतात. प्रस्तुत विवेचन त्यांपैकी एका दुर्लक्षित शाखेपुरते मर्यादित आहे. ती शाखा म्हणजे बुलबुल तरंग या वाद्याचा वैयक्तिक संग्रह, आणि त्या संग्रहाचा मालक समजला जाणारा वादक.

बुलबुल तरंग म्हणजे साधारण दोन-अडीच फूट लांबीची उथळ लाकडी पेटी होय. तिच्यावर लांबीच्या दिशेने तारा ताणलेल्या असतात आणि त्यांतील मोजक्या तारांवर कळांची रांग बसवलेली असते. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्या पोटातला धातूचा तुकडा तारेवर टेकतो, तारेची कंप पावणारी लांबी तेवढ्यापुरती घटते, आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडली की त्या लांबीचा स्वर उमटतो. उरलेल्या तारा कोणत्याही कळेच्या ताब्यात नसतात. वादक काहीही वाजवत असो, त्या आपला ठरलेला एकच सूर धरून राहतात, म्हणून त्यांना आधारस्वराच्या तारा म्हणतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला ही रचना समजण्यास अडचण पडू नये, कारण बैठकीच्या खोलीत लग्नापासून राजकारणापर्यंत कोणताही विषय चालू असला तरी आतल्या खोलीतून आजीचा एकच मुद्दा अखंड ऐकू येत असतो, आणि तो थांबला तरच सगळे दचकतात.

हे वाद्य दिसायला पेटीचे धाकटे भावंड, वाजायला सतारीची दूरची भाची आणि कळांकडे पाहिले तर कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाचे यंत्र वाटते, आणि यांतले तिसरे साम्य अपघाताने आलेले नाही. जपानमधील नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा तारवाद्याला जोडून ते प्रथम घडवले. त्याच वर्षी तेथे तैशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाल्यामुळे आणि कोतो हे तिकडचे जुने, लांबलचक, प्रतिष्ठित तारवाद्य असल्यामुळे या नव्या पेटीला ‘तैशोगोतो’, म्हणजे तैशो काळातला कोतो, असे भारदस्त नाव मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९११ मध्ये, पंचम जॉर्ज मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरला होता, आणि जपानी न्याय येथे लागू झाला असता तर मराठी माणसाला आज ‘पंचमजॉर्ज वीणा’ शिकावी लागली असती. सुदैवाने मुंबईने समुद्रकाठी एक दगडी कमान उभारून ते प्रकरण मिटवले.

भारतीय उपखंडात आल्यावर या वाद्याचे बारसे नव्याने झाले. बुलबुल तरंग हे नाव ज्याने ठेवले त्याच्या मनात फारसी काव्यातला, गुलाबावर जीव टाकणारा गाता पक्षी असावा. उपनगरात बुलबुल म्हणून ओळखला जाणारा पक्षी वेगळा असून, तो खिडकीच्या ग्रिलमधल्या मनीप्लँटवर घरटे करतो आणि पिल्ले उडेपर्यंत घरच्यांना कपडे वाळत घालू देत नाही. तथापि मुंबईत या वाद्याला बुलबुल तरंग म्हणणारा माणूस एक तर दुकानदार असतो किंवा पाहुणा. येथे त्याला बेंजो म्हणतात. खरा बॅंजो हे निराळेच वाद्य आहे: गोल, चामड्याने मढवलेले, लांब मानेचे, आणि गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्मृतीतून घडलेले. त्याचा आणि या पेटीचा संबंध नावापुरताच आहे. तरीही नाव चिकटले ते चिकटलेच, इतके की बलुचिस्तानातही याच पेटीचा थोराड अवतार बेंजू म्हणूनच ओळखला जातो.

उसन्या नावाने जगण्याची ही रीत मात्र या वाद्याच्या साऱ्या गोतावळ्यातच दिसते. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन डोंगररांगांत, केंटकी आणि व्हर्जिनियाच्या दऱ्याखोऱ्यांत, मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे एक निमुळते तारवाद्य आहे. त्याला तीन-चार तारा असतात, त्यांतल्या एका तारेवर किंवा जोडीवर धून वाजते आणि बाकीच्या आधारस्वर धरून बसतात. त्याला माउंटन डल्सिमर, म्हणजे डोंगरी डल्सिमर, असे म्हणतात. पण डल्सिमर हे नाव मुळात काठ्यांनी वाजवायच्या एका वेगळ्याच वाद्याचे आहे, ज्याचा भारतीय नातेवाईक म्हणजे पंडित शिवकुमार शर्मा यांनी मैफलीत आणून बसवलेला संतूर. डोंगरी डल्सिमरचा खरा पूर्वज जर्मन असून त्याचे नाव शाइटहोल्ट, अर्थात जळणाचे लाकूड, असे आहे. मायकेल प्रेटोरियस या संगीतशास्त्रज्ञाने १६१९ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेताना त्याला भिकाऱ्यांच्या वाद्यांत बसवले होते. तात्पर्य, सरपणाच्या घरी जन्मलेल्या मुलाला शेजाऱ्याचे आडनाव लागले आणि नागोयाच्या राजेशाही पाळण्यातल्या मुलालाही मुंबईत तेच भोगावे लागले. दोघांच्याही शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून भलत्याच माणसाचे नाव आहे.

शास्त्रीय वर्गीकरणात मात्र दोघांची सोय एकाच चाळीत लावलेली आहे. एरिश फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोन विद्वानांनी १९१४ साली जगातील यच्चयावत वाद्यांना क्रमांक देण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यात मान नसलेल्या, पेटीवरच तारा ताणलेल्या या वर्गाला ३१४.१२२ हा क्रमांक मिळतो. उपनगरातील वाचकाला तो सदनिकेचा क्रमांक वाटण्याचा संभव आहे, आणि एका अर्थी तो आहेही. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, सुषिर, अवनद्ध आणि घन ही चौकट याहून सुटसुटीत आहे. पण ज्याच्याकडे नऊच्या नऊ वाद्ये ततच आहेत त्याला तिचा उपयोग शून्य. म्हणून उपनगरी संग्राहकाने आपले वर्गीकरण आपणच केले असून त्याचा आधार नाद नव्हे, जागा आहे. त्यानुसार बुलबुल तरंगांचे पलंगाखालचे, कपाटावरचे, माळ्यावरचे आणि ‘बाहेर गेलेले’ असे चार वर्ग पडतात. चौथ्या वर्गातली वाद्ये कोणाला तरी चार दिवसांसाठी दिलेली असतात, आणि ते चार दिवस कोणत्या सालातले हे विचारणे शिष्टसंमत मानले जात नाही.

आता एकाच प्रकारची इतकी वाद्ये कशाला, हा प्रश्न उरतो, आणि तो विचारण्याचा अधिकार परंपरेने घरच्या मंडळींकडे असतो. नवी पेटी रिक्षातून उतरते तेव्हा स्वयंपाकघरातून “अहो, हे मागच्या दिवाळीत आणलं तेच ना?” असा प्रश्न येतो, आणि त्यावर “छे, ते काळी एकचं होतं” असे जे उत्तर मिळते त्यात सबबीचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. काळी एक, पांढरी चार, काळी चार ही गायकाच्या षड्जाची, म्हणजे ज्या उंचीवर तो आपला ‘सा’ धरतो तिची, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून पडलेली नावे आहेत. पुरुष गायक साधारणपणे काळी एकच्या आसपास गातो, स्त्रियांचा सा बराच वर असतो, आणि भजनी मंडळाचा सा ज्याचा आवाज त्या संध्याकाळी बसलेला नसेल त्याच्या मर्जीवर ठरतो. आधारस्वराच्या तारा एका पट्टीत लावून ठेवलेल्या असताना त्या दुसऱ्या पट्टीत चढवायच्या म्हणजे वेळ जातो, तारा तुटतात आणि तोवर मंडळी चहाला उठतात. यास्तव प्रत्येक पट्टीसाठी एक स्वतंत्र वाद्य लावून तयार ठेवणे इष्ट, असा संग्राहकाचा सिद्धान्त आहे.

हा सिद्धान्त तपासून पाहण्यासारखा आहे, कारण डोंगरी डल्सिमरच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरतो. त्या वाद्याच्या पट्टीवर पडदे, म्हणजे बोट ठेवण्याच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या रेषा, सातच स्वरांच्या हिशेबाने मारलेले असतात. मधले कोमल-तीव्र स्वर तेथे नसतातच, त्यामुळे धुनीचा स्वरसमूह बदलला की तारा नव्याने लावण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिकडच्या वादकाने भिंतीवर सहा डल्सिमर टांगले तर त्याच्यापाशी निदान सांगण्यासारखे कारण असते. बुलबुल तरंगाच्या कळा मात्र बाराही स्वरांच्या असतात. त्याच्यावर कोणत्याही कळेपासून सप्तक सुरू करता येते, म्हणजे मोरिता यांनी १९१२ सालीच संग्राहकाची सबब हिरावून घेतली होती. ती त्याला परत मिळाली ती केवळ आधारस्वराच्या तारांमुळे, आणि म्हणून तो या तारांविषयी जे भावपूर्ण बोलतो त्यातील कृतज्ञता संगीताची कमी आणि वकिलीची अधिक असते. सबबींचा हा साठा संपल्यावर लाकडाचा विषय निघतो. अमुक पेटी सागाची, तमुक प्लायवुडची. अमुक जुन्या बनावटीची, जिच्या कळांवर आकडे आहेत. तमुक नवी, जिच्या कळा हलक्या. आणि सर्वांत शेवटी पुण्याचे नाव निघते. राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे जनक दि. गं. केळकर, जे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, त्यांनी दिव्यांपासून वाद्यांपर्यंत हजारो वस्तू एकट्याच्या हौसेने जमवल्या, हा दाखला ऐकल्यावर घरच्या मंडळींनी निरुत्तर व्हावे अशी अपेक्षा असते. केळकरांचा संग्रह वाड्यात राहिला आणि पुढे त्यांनी तो शासनाला देऊन टाकला, एवढेच उत्तर तिकडून येते, आणि त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर जरा जास्त जोर असतो.

संगीताच्या दरबारात या वाद्याला मान मिळाला नाही याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. कळ दाबली की नेमका स्वर मिळतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याची जी क्रिया, जिला मींड म्हणतात, ती त्यावर साधत नाही. हाच आरोप हार्मोनियमवर होता, आणि त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवले होते. परंतु बंदी हाही एक सन्मानच असतो. तीस वर्षे जिच्याविरुद्ध विद्वान भांडतात ती वस्तू नगण्य राहत नाही, आणि हार्मोनियम परत आली ती नायिकेच्या थाटात. बुलबुल तरंगाविरुद्ध असा लेखी निषेध करण्याची गरज फारशी कोणाला भासली नाही. ते शाळेच्या स्नेहसंमेलनात, वाढदिवसाच्या भेटवस्तूंत आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गुजराती वस्तीतल्या डायऱ्यांत, म्हणजे भजन, दोहे आणि किस्से यांच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकींत, कोणाच्याही परवानगीशिवाय वाजत राहिले. डायऱ्यातला बेंजोवाला तबलजीच्या शेजारी बसून गायकाच्या प्रत्येक ओळीचा शेवट जसाच्या तसा परत करतो. जमाखर्चाच्या बाबतीत काटेकोर असलेल्या श्रोतृवर्गाला हे विशेष आवडत असावे.

उपनगरात हेच वाद्य का रुजले, याचे उत्तर रेल्वेपाशी सापडते. तंबोरा चार-साडेचार फुटांचा, भोपळ्याचा आणि नाजूक. तो सकाळी सव्वानऊला अंधेरीच्या फलाटावर घेऊन उभे राहणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने पाहतात ती नजर सामान्यतः कळशी घेऊन विहिरीकडे निघालेल्या संशयितासाठी राखून ठेवलेली असते. बुलबुल तरंग कापडी पिशवीत मावतो, लोकलच्या डोक्यावरच्या फळीवर डब्याच्या पिशव्यांशेजारी निमूट पडून राहतो, आणि विरारपर्यंत उभ्याने जाणाऱ्यांपैकी कोणालाही तो वाद्य आहे अशी शंका येत नाही. पिशवीत काय आहे असे कोणी विचारलेच तर इस्त्रीची फळी म्हणून सांगता येते.

जून उजाडला की संग्रहाची खरी परीक्षा सुरू होते. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तारांना गंज चढतो, कळांच्या स्प्रिंगा आळसावतात, आणि दाबलेली कळ वर येण्याचे नाकारते, त्यामुळे एखादा कोमल गंधार सप्टेंबरपर्यंत सतत लागलेला राहतो. यावर उपाय म्हणून बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या वर्षभर साठवलेल्या असतात, शिलाई मशीनचे तेल पिचकारीने सोडले जाते, आणि काही घरांत पेट्यांना दुपारी कपाटातल्या बल्बाची ऊब दिली जाते, जी वास्तविक पापडांसाठी योजलेली असते. पुनर्विकासाची वेळ आली म्हणजे याहून बिकट प्रसंग ओढवतो: जुनी इमारत रिकामी करून भाड्याच्या घरात जायचे, तेथे पलंग घरमालकाचा, त्याच्या पोटात घरमालकाच्या गाद्या, आणि नऊ बुलबुल तरंग ‘काच, सांभाळून’ असे लिहिलेल्या खोक्यांत बंद. नव्या इमारतीचा नकाशा समोर आला की बाकीचे सभासद चटईक्षेत्र, वाहनतळ आणि कोष निधी यांविषयी विचारतात. संग्राहक पलंगाच्या पायांची उंची विचारतो.

या साऱ्या कष्टांनंतर वाद्य घरात वाजते तरी किती, असा प्रश्न पडल्यास त्याचे उत्तर चमत्कारिक आहे. कळांच्या खटखटीसह धरूनही बुलबुल तरंगाचा मूळ आवाज इतका बेताचा असतो की शेजारच्या खोलीतल्या मिक्सरपुढे तो शरणागती पत्करतो. डोंगरी डल्सिमर तर त्याहूनही मवाळ. ते वाद्य अमेरिकाभर पोहोचवण्यात जिचा मोठा वाटा होता ती जीन रिची १९२२ साली केंटकीतल्या वायपर या गावी चौदा भावंडांतली धाकटी म्हणून जन्मली. तिच्या वडिलांनी आपल्या डल्सिमरला हात लावण्याची मुलांना मनाई केली होती आणि तिने ती लहानपणीच चोरून मोडली. चौदा मुलांच्या घरात एका मुलीने चोरून वाद्य वाजवावे आणि ते पकडले जाऊ नये, यातच त्या वाद्याच्या आवाजाचे मोजमाप आले. ते ओसरीवर, चार माणसांत, पावसाच्या आवाजाखाली वाजवण्याचे वाद्य आहे, आणि तिकडच्या संग्राहकाच्या शेजाऱ्यांना त्याच्या छंदाचा पत्ता लागतो तो बहुधा घर बदलताना.

मुंबईत या मवाळ घराण्याच्या पौर्वात्य शाखेने जे केले त्याला तोड नाही. येथे कोणी तरी पेटीला पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे लोहचुंबकाचे वेटोळे, बसवले. त्याची वायर ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायर भोंग्यांना, भोंगे टेम्पोला आणि टेम्पो जनरेटरला जोडला. भोवती ढोलकी, ताशे, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड उभे केले. आणि या समुदायाला बेंजो पार्टी असे नाव पडले. गोविंदाच्या दिवशी घाटकोपरच्या चौकात, हळदीच्या रात्री वेसाव्याच्या कोळीवाड्यात आणि गणपतीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत सर्वत्र, दिवाणखान्यात मिक्सरला हरणारे वाद्य तीन इमारतींच्या काचा थरथरवते. कार्यक्रमाच्या ठरावाला या व्यवसायात सुपारी म्हणतात, आणि ‘परवा मुलुंडला सुपारी आहे’ हे वाक्य लोकलमध्ये मोठ्याने उच्चारल्यास शेजारचा प्रवासी आपली जागा सोडतो असा अनुभव सांगितला जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. पिकअप काढलेला बुलबुल तरंग ती पाळतो, आणि कायद्याचे पालन करणारे वाद्य मिरवणुकीत कोणी बोलावत नाही. रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बॅंजो’ या हिंदी चित्रपटात एका बेंजोवाल्याच्या शोधात न्यूयॉर्कची तरुणी मुंबईच्या वस्तीत येते. प्रत्यक्षात बेंजोवाल्याच्या शोधात सहसा सोसायटीचे सचिव येतात.

त्यामुळे उपनगरी संग्रहात दोन जाती शेजारी नांदतात. पिकअप नसलेल्या जुन्या पेट्या दुपारी, दार लावून, स्वतःपुरत्या वाजवल्या जातात; आणि एकच पेटी, बहुधा सर्वांत स्वस्त, सर्वांत खरचटलेली, जिच्या अंगावर सोल्डरचे डाग आणि चिकटपट्ट्यांचे थर आहेत, ती भाड्याने किंवा भिडेखातर मिरवणुकीला जाते. संग्राहक तिच्याविषयी पाहुण्यांसमोर बोलत नाही. तिला नाव नसते, गवसणी नसते, वर्गीकरणात ती कायम ‘बाहेर गेलेली’ असते, आणि घरात पुढची पेटी येते ती पुष्कळदा तिनेच मिळवलेल्या पैशांतून. अनंत चतुर्दशीला बाकीच्या शहराचा मोसम आटोपला तरी अंधेरीत तिची सुटका होत नाही, कारण अंधेरीच्या राजाचे विसर्जन त्यानंतरच्या संकष्टीला असते.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, ती परत येते. तिच्या प्रत्येक कळेखाली गुलाल बसलेला असतो, दोन तारा गेलेल्या असतात, आणि एखाद्या फटीत फुलाची पाकळी किंवा साखरफुटाणा निघतो. जुन्या टूथब्रशने कळ न् कळ घासून ती स्वच्छ करण्यात संध्याकाळ जाते, वर्तमानपत्राच्या पसरलेल्या पानावर गुलाबी ढीग साचतो, आणि आतून पुन्हा विचारणा होते, “अहो, माझा ब्रश घेतलात का?”